बुटीबोरीचा आवाज रात्रीच का यायचा?

नागपूरजवळच्या बुटीबोरीहून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १८ मे १९८८ रोजी सुरू झाली. प्रक्षेपक १,००० किलोवॅटचा, मध्यम लहरीवर, १५६६ किलोहर्ट्झ. संध्याकाळी सातच्या आसपास सुरू व्हायची, सकाळी सहाच्या सुमारास थांबायची. दिवसा शांतता.

रात्रीच का? साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरची हवा सूर्यकिरणांनी विद्युतभारित होते. हा ‘डी’ थर. दिवसा तो मध्यम लहरी शोषून घेतो, म्हणून जमिनीलगत सरकणारी लहरच तेवढी पोहोचते. मगरिबनंतर तो विरत जातो. मग लहरी आणखी वरच्या थरांना धडकून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. देशाच्या मधोमध असलेले नागपूर त्यासाठी सोयीचेच.

गंमत म्हणजे, आपण गोंदियावाले शेजारी असूनही अडचणीच्या जागी होतो. बुटीबोरीपासून गोंदिया सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर. एवढ्या अंतरावर जमिनीवरची लहर अशक्त झालेली असते, आणि रात्री वरून परतलेली लहरही तिला येऊन मिळते. दोन्ही जुळल्या तर आवाज चढतो, एकमेकींच्या विरुद्ध पडल्या तर बुडतो. सेल संपले म्हणून रेडिओला चापट्या मारणाऱ्या कितीतरी अब्बांना हे ठाऊक नसेल!

याचा अंदाज बऱ्याच अंशी आधी बांधता येतो. सूर्याची स्थिती, महिना, सूर्यावरचे डाग, अंतर आणि कंपनसंख्या घेऊन थराची उंची व दाटी गणितात मांडायची, की लहरीची ताकद निघते. फारच कमी कंपनसंख्येच्या लहरी तर ‘डी’ थरावरूनच परततात. २२ जुलै २००९ च्या सूर्यग्रहणात अलाहाबाद आणि वाराणसीच्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलिया व जपानहून येणाऱ्या अशा लहरी नोंदल्या. सावलीत त्यांची ताकद बदलली, आणि थर काही किलोमीटर वर सरकल्याचे संगणकाच्या गणितातून निघाले.

दहावीला वर्तुळाची स्पर्शिका शिकवताना आम्ही मुलांना एक उदाहरण घालतो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, थराची उंची ८०; तिथे ऊन कधी पोहोचेल? सूर्य क्षितिजाखाली ९ अंश असताना, म्हणजे आपल्या सूर्योदयाच्या सुमारे ४० मिनिटे आधी. आपल्याकडे फजरची लगबग सुरू असते, तेव्हा वर दिवस उजाडू लागलेला असतो.

राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय २०१८ च्या अखेरीस झाला. तरी घरात मध्यम लहरीचा जुना रेडिओ असेल, तर सहरीला काटा फिरवून एखादे दूरचे केंद्र लावा आणि ते किती वाजता पुसट होते ते मुलांकडून वहीत लिहून घ्या.