दुधाची पिशवी कशी वितळते?

भालकी-आळंदकडील शेतकरी कडब्याची पेंढी कशी बांधतो, हे आपण पाहिलेच असेल. सरळ ताटे एकमेकांस लागून बसतात आणि पेंढी घट्ट होते. तीच बाभळीच्या फांद्यांची मोळी कितीही आवळली, तरी मध्ये पोकळी राहतेच. दुधाची पिशवी आणि तेलाचा प्लॅस्टिकचा कॅन हे दोन्ही इथिलीन वायूपासूनच होतात. पण पिशवी लवकर वितळते, कॅनला अधिक उष्णता लागते. ह्याचे इंगित त्या पेंढीत आणि मोळीत आहे.

इथिलीनचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले म्हणजे पॉलिथिलीन हे बहुवारिक तयार होते. १९३३ साली इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन व फॉसेट ह्यांना ते प्रथम मिळाले. ह्या प्रचंड दाबाच्या रीतीने होणाऱ्या साखळीला जागोजाग शाखा फुटतात, आणि ती ११० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. १९५३ साली जर्मनीत कार्ल झिग्लर ह्यांनी कमी दाबाखाली जवळजवळ सरळ साखळी बनविली. तिचे स्फटिक जाड आणि घट्ट. ते वितळण्यास १३० ते १३५ अंश लागतात. पुढे इथिलीनमध्ये ब्यूटीन किंवा हेक्झीन थोडे मिसळून आखूड शाखा हव्या तितक्या आणता येऊ लागल्या. अशा मिश्र साखळीस सहबहुवारिक म्हणतात. उसाला ठिबकने पाणी देणाऱ्या काळ्या नळ्या बहुधा ह्याच जातीच्या असतात.

आता खरी मौज पुढेच आहे. बिदरी काम करणारा कारागीर जस्तात तांबे किती घालावयाचे, ते प्रमाण सांभाळतो. प्लॅस्टिकमध्ये मात्र नुसते प्रमाण सांगून भागत नाही. शाखा कोठे बसल्या, हेही विचारावे लागते. कारखान्यात त्या कशाही बसतात. दोन शाखांमध्ये कोठे दहा कार्बन, तर कोठे शंभर. लांब सरळ तुकड्यांचे स्फटिक जाड होतात व उशिरा वितळतात. आखूड तुकड्यांचे पातळ होतात व आधी वितळतात. म्हणून असा पदार्थ एका अंशावर न वितळता हळूहळू मऊ होत जातो.

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात केनेथ वॅगनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाखांच्या जागा नेमून दिल्या. दर एकविसाव्या कार्बनवर एकच मिथिल, म्हणजे एका कार्बनची शाखा, ठेवली; तेव्हा साखळी सुमारे ६२ अंशांवर, अगदी नेमकी, वितळली. तीच शाखा दर नवव्या कार्बनवर बसविली, तर वितळबिंदू शून्याखाली सुमारे १४ अंशांपर्यंत घसरला! पुन्हा, अंतर एकवीसच ठेवून मिथिलऐवजी दोन कार्बनांची शाखा बसविली, तर ६२ चे सुमारे २४ अंश झाले. मिथिल इवलासा, स्फटिकाच्या आत कसाबसा सामावतो. मोठ्या शाखेस आत जागा मिळत नाही. ती बाहेर राहते आणि स्फटिकास दोन शाखांमधील वीस कार्बनांच्याच तुकड्यावर समाधान मानावे लागते.

६२ अंश हा आकडा मला ओळखीचा वाटला. वेदीवरील मेणबत्तीचे मधमाशांचे मेणही साधारण तेवढ्यावरच वितळते. मेणाच्या रेणूतही कार्बनच्या अशाच आखूड सरळ साखळ्या असतात. हजारो कार्बनांची लांब साखळी, पण नेमक्या जागी अडविल्यामुळे वितळण्याच्या बाबतीत मेणाच्या पंक्तीला जाऊन बसली.

मग कारखानदार अशी शिस्तीची साखळीच का बनवीत नाहीत? एक तर ती फार खर्चाची. शिवाय दुधाच्या पिशवीला बेशिस्तच मानवते. डेअरीतील यंत्राचा तापलेला जबडा पिशवीचे तोंड दाबतो, त्या क्षणी पातळ स्फटिक वितळून दोन पापुद्रे एकमेकांस चिकटतात. जाड स्फटिक मात्र अजून टिकून असल्यामुळे पिशवी फाटत नाही. सर्व स्फटिक एकाच अंशावर वितळते, तर जबड्याची उष्णता जरा वाढताच दूध जमिनीवर आले असते.