लकव्यानंतरची घेरी : केवळ अशक्तपणा नव्हे

केळापूर तालुक्यातील कापूस-तुरीच्या गावांतून लकव्याचा रुग्ण घरी परतला, की साऱ्यांचे लक्ष त्याच्या हातापायांकडे असते. त्याने चार पावले टाकली, म्हणजे तो बरा झाला असे मानले जाते. परंतु बाजेवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, लघवीची घाई होणे, शौचास साफ न होणे, घाम कमीअधिक येणे या तक्रारींकडे अशक्तपणा समजून दुर्लक्ष होते. वस्तुतः त्यांचे मूळ पुष्कळदा मेंदूला झालेल्या इजेत असते.

हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, मूत्राशय व आतडी यांचे कार्य आपल्या इच्छेवाचून चालविणारी यंत्रणा म्हणजे स्वायत्त मज्जासंस्था होय. माणूस उभा राहताच रक्त पायांकडे उतरते; त्याच क्षणी ही संस्था रक्तवाहिन्या आकुंचित करून मेंदूचा रक्तपुरवठा टिकविते. लकव्यानंतर हे नियमन ढिले पडू शकते. उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरल्यास हा दोष आहे असे समजतात.

घेरीमुळे रुग्ण पडतो, हाड मोडते. त्याहून मोठा धोका असा, की 'गोळ्यांनीच चक्कर येते' असे ठरवून रक्तदाबाचे औषध परस्पर बंद केले जाते व दुसऱ्या झटक्यास वाट मिळते. औषधाची मात्रा बदलणे आवश्यक असू शकते. मात्र तो निर्णय डॉक्टरांचाच होय. विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर ७ मृत्यूंपैकी सुमारे १ मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. ग्रामीण भागास हा प्रश्न परका नाही, हे यावरून ध्यानी यावे.

यास्तव रुग्णास एकदम उभे करू नये. प्रथम कुशीवर वळवावे, मग पाय खाली सोडून काही वेळ बसवावे, नंतर आधार देऊन उठवावे. घेरी आल्यास लगेच निजवावे. लघवीच्या भीतीने पुष्कळ रुग्ण पाणी तोडतात. वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात त्यामुळे रक्तदाब अधिकच उतरतो व मलावरोध वाढतो. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास पाणी पुरेसे द्यावे. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हात लुळा पडणे यांपैकी काहीही नव्याने दिसल्यास मात्र क्षणभरही न थांबता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उपकेंद्रात रक्तदाब मोजताना तो निजवून व उभे करून असा दोनदा मोजण्याची विनंती शिक्षक, पंचायत सदस्य व आशा सेविकांनी आवर्जून करावी. ५ मिनिटांच्या या तपासणीने एखाद्या कुटुंबावरील दुसरे संकट टळू शकेल.