चितार आळीतलं घर कुठे संपतं?

सावंतवाडीत घर बघायला येणाऱ्याने गाडी मोती तलावाच्या काठाला लावावी आणि पुढचं गाव पायी बघावं. तळ्याच्या एका अंगाला राजवाडा, जवळच बाजार, मंडई, देवळं, शाळा, आणि १८५२ सालापासून चालत आलेलं श्रीराम वाचन मंदिर. भाजी घ्यावी, जाता जाता पुस्तक बदलावं आणि घरी पोचावं, तोवर पिशवीतल्या माठाच्या जुडीने मान टाकलेली नसते, इतकं सगळं जवळ. मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी या गावातून जायचा. आता तो झाराप ते पत्रादेवी असा बाहेरून जातो आणि तळ्याकाठचा रस्ता संध्याकाळी फिरायला निघणाऱ्यांना परत मिळाला आहे.

पॅरिसमधल्या कार्लोस मोरेनो या प्राध्यापकांनी काही वर्षांपूर्वी ‘पंधरा मिनिटांचं शहर’ ही कल्पना मांडली. काम, बाजार, शाळा, दवाखाना, बाग, सगळं घरापासून पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटांत हवं. जगभरच्या महापालिकांनी ती उचलून धरली. सावंतवाडीसारख्या संस्थानी गावात हे सगळं आधीपासून होतं, पण कुणी ते आखून केलेलं नव्हतं. माणूस चालायचा, डोक्यावर ओझं घेऊन चालायचा, म्हणून कुठली गोष्ट किती लांब असावी हे त्याच्या पायांनी ठरवलं. तिसरे खेम सावंत गादीवर होते तो काळ १७५५ ते १८०३ चा. राजवाडा त्यांच्या कारकिर्दीत उभा राहिला. वाड्याला चित्रं लागत, खेळ लागत, देव्हारे, चौरंग, पाट लागत. ती करणारे हात वाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहिले. ती चितार आळी.

आळीत शिरल्यावर आधी दिसतात फळं. आंबा, सीताफळ, केळी, मिरच्या, वांगी, सगळी लाकडाची, आणि इतकी हुबेहूब की लहान मूल हटकून हात लावतं. पण थोडा वेळ थांबायला मिळालं तर लाखकाम बघावं. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा तुकडा लेथवर गरागरा फिरत असतो. कारागीर त्याला रंगीत लाखेची कांडी नुसती टेकवतो. लाख म्हणजे झाडाच्या कोवळ्या फांदीवर राहणाऱ्या इवल्याशा किड्याने स्वतःभोवती सोडलेली राळ. कांडी टेकते, घर्षणाने तापते आणि रंग त्या फिरत्या लाकडावर कडं घालावं तसा चढतो. ब्रश नाही, वाळायची वाट बघणं नाही. मग केवड्याचं पान दाबून धरलं की त्या रंगाला अशी झळाळी येते की बघणाऱ्याला आपलं तोंड त्यात दिसावं. लाकूड, किड्याची राळ आणि केवड्याचं पान, एवढ्यावर हे सगळं उभं आहे. मी ते कितीही वेळा पाहिलं तरी दर वेळी तितकाच चकित होतो.

आणि गंजिफा. ते गोल पत्ते अनेकांनी राजवाड्यात पाहिले असतील. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानं, म्हणजे एकूण १२० पत्ते. अर्ध्या रंगांत आकड्यांची चढण एका दिशेने, उरलेल्या अर्ध्यांत उलटी. दिवसा खेळायला बसलं तर डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हुसेनला गंजिफेचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. तो दरबारी खेळ इकडे येऊन देवांचा झाला. छापील पत्ते आले तसा तो विझत चालला होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जुन्या चिताऱ्यांकडून विद्या उतरवून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. आजही तिथे माणसं मांडीवर पाटी घेऊन एकेक मत्स्य, एकेक कूर्म रंगवताना दिसतात.

अशा आळीत घर घ्यायचं म्हणजे नेमकं काय घ्यायचं?

सरळ उत्तर, चार भिंती आणि वरचं छप्पर. त्या भिंतींपासूनच सुरुवात करू, कारण त्याही साध्या नाहीत. त्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोह नि ॲल्युमिनियमची संयुगं मागे ठेवली, त्याचा हा दगड. खाणीत तो इतका मऊ असतो की कापून काढता येतो, उन्हावाऱ्यात पडला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन मलबारात ही करामत बघून थक्क झाला आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन नावावरून त्याने या दगडाला ‘लॅटराइट’ म्हटलं. आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधीपासून तो चिरा. छपराची मंगलोरी कौलं ही त्यामानाने नवी. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कारखाना काढल्यावर ती या किनाऱ्याने वर पसरली. जुनं घर बघताना लोक फरशी बघतात. खरं बघायचं ते आढं. ते मधे झुकलंय का, वाशांना वाळवी लागलीय का, आणि पावसाळ्याआधीची शाकारणी शेवटची कधी झाली. शाकारणी दोन वर्षं चुकली की पाणी वाशात जातं, आणि वाशातलं पाणी चिऱ्याच्या भिंतीलाही सोडत नाही.

आता छपराच्या कडेला या. कौलांवरून पावसाच्या पागोळ्या पडतात त्या जागेवर. जुन्या आळीत घराला घर लागून, मधे जेमतेम माणूस तिरपा होऊन जाईल एवढी बोळ. तुमच्या छपराचं पाणी कुणाच्या जमिनीवर पडतं? वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं आपण म्हणतो, पण ते शेजाऱ्याच्या अंगणात खुशाल जातं. कोकणच्या पावसात चार महिने जातं. आणि कायद्याला हे ठाऊक आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार एखादी गोष्ट, म्हणजे वाट, उजेड, वारा, पाण्याचा निचरा, वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्काने आणि खंड न पडता उपभोगली तर तिचा हक्क होऊ शकतो. पागोळीचाही. रोमन कायद्यात तर या हक्काला ‘स्टिलिसिडियम’ असं स्वतंत्र नाव होतं, आणि इसवी सनापूर्वी साडेचारशेच्या सुमाराच्या त्यांच्या बारा पाट्यांच्या कायद्यात घराभोवती अडीच फूट मोकळी जागा सोडण्याचा नियम होता. दोन घरांमध्ये पाच फूट. रोम आणि सावंतवाडी यांच्यात दोन हजार वर्षं आणि एक अख्खा समुद्र आहे, तरी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना एकच प्रश्न पडला.

म्हणजे तुमचं घर भिंतीपाशी संपत नाही. शेजाऱ्याचं तुमच्या आत आलेलं असतं आणि तुमचं त्याच्या. मोजणीचा नकाशा हातात घेऊन आळीत एक फेरी मारावी, आणि दुसरी भर पावसात छत्री घेऊन मारावी. सामायिक भिंत कुठली, विहिरीवर कुणाकुणाची पाणी भरायची वहिवाट आहे, मागच्या परसातून कोण ये-जा करतं, हे दुसऱ्या फेरीत कळतं.

कागदाकडे वळू. गावात सातबारा बघतात. नगर भूमापन झालेल्या भागात बघायची ती मिळकत पत्रिका, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. त्यावर नगर भूमापन क्रमांक, चौरस मीटरमध्ये क्षेत्र, सत्ताप्रकार, धारकांची नावं आणि एकामागून एक फेरफार. मी एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर असं कार्ड वाचायला बसलो होतो. वर आजोबांचं नाव, ते जाऊन चाळीस वर्षं झालेली. त्यांची मुलं, त्यातली काही वारलेली, मग त्यांची मुलं. वहीत वंशावळ काढत गेलो तसं पान आडवं धरावं लागलं. सतरा नावं निघाली. कुणी अंधेरीला, कुणी बडोद्याला, एक पुतण्या मस्कतला. घरात मात्र एकटी काकू. एकही जण विकायच्या विरोधात नव्हता, पण सतरा जणांना एकत्र विचारायची वेळ कधी आलीच नव्हती.

विकत घेणाऱ्याला हे संकट वाटतं. मला मात्र यात कायद्याची माया दिसते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मापासून मुलांइतका हक्क दिला. महाराष्ट्राने त्या दिशेचं पाऊल १९९४ मध्येच टाकलं होतं. त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या आत्याची सही आता शिष्टाचार म्हणून घ्यायची नसते, ती लागतेच. मृत्युपत्राशिवाय वारसांकडे आलेल्या मिळकतीतला आपला हिस्सा एकाला विकायचा असेल तर त्याच उत्तराधिकार कायद्याचं २२ वं कलम बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा अग्रहक्क देतं. आणि सगळ्यात सुंदर तरतूद मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमात आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एखादा हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी त्याला त्या घरात येऊन सामायिक राहण्याचा हक्क मिळत नाही. पुढे वाटणीचा दावा लागला तर १८९३ च्या विभाजन कायद्यानुसार घरातल्या माणसाला तो हिस्सा किंमत देऊन परत घेता येतो. काकूच्या माजघरात अनोळखी माणूस घुसू नये एवढ्यासाठी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हे लिहून ठेवलं.

गंजिफेतला एक पत्ता हरवला तर उरलेल्या एकशे एकोणीस पत्त्यांवर डाव मांडता येत नाही. सहहिस्सेदारांचंही तेच. म्हणून मालकीच्या कागदपत्रांचा तीस वर्षांचा शोध, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, सगळ्या वारसांच्या सह्या, आणि मगच खरेदीखत. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. राहतं घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. सत्ताप्रकार ‘ब’ दिसला तर थांबावं, कारण तिथे शासनाची परवानगी लागू शकते.

गावाबाहेर थोडी शेतजमीन घेऊन तिथेच बांधू, असं म्हणणारेही भेटतात. तो वेगळा विषय. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला साधारणपणे शेतकरी असावं लागतं, इतर हक्कात कुळाची नावं असतात, आणि याच तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळच्या कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाने सामायिक धरलेल्या, जमिनींचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालत आला. शिवाय तिथून दूध आणायलाही गाडी काढावी लागेल, मग चालण्याचं गाव हवं कशाला?

चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यातला मोपा जानेवारी २०२३ मध्ये. सावंतवाडी एकदम जवळ आली. जुन्या घरांची चौकशी करणारे वाढले, आणि त्यातले कितीतरी जण चितार आळीच्या रंगांवर भाळूनच येतात. लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कविषयी लिहिताना सांगितलं होतं की जिवंत वस्तीला जुन्या इमारती लागतात, कारण थोड्या भांडवलाचा माणूस नवं काही करून बघतो ते स्वस्त, जुन्या जागेतच. त्याच शहराच्या सोहो भागात पुढे जे घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. रिकाम्या गोदामांत चित्रकार राहायला आले, त्यांच्यामुळे भाग नावारूपाला आला, भाव चढले आणि चित्रकारांनाच बाहेर पडावं लागलं. चितार आळी निराळी आहे, इथे कारागीर पाहुणे म्हणून आलेले नाहीत. पण धोका खरा आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे लेथ अशी जागा घेऊन कुणी तिला वर्षातून दोन आठवड्यांची हवापालटाची जागा केली तर तिथल्या लाखेचा वास गेला, संध्याकाळचा दिवा गेला, शेजारणीची बोळीतून चालणारी बोलणी गेली. घेणाऱ्याने ज्याच्यासाठी पैसे मोजले ते त्याच्याच कुलपामुळे संपलं. इथे घर घेणाऱ्याला मला मनापासून विनंती करावीशी वाटते, की पुढची खोली कारागिराला भाड्याने द्या. त्याच्या यंत्राचा आवाज दुपारी झोपमोड करील. करू दे.

आमच्याकडे विक्रीची बोलणी बहुधा भाद्रपदातच, गणपतीला होतात, कारण सतराच्या सतरा नावं एका छपराखाली येतात ती तेव्हाच. त्या काकूच्या घराचीही तशीच झाली, गौरीच्या जेवणानंतर, पागोळ्यांच्या आवाजात एकमेकांना मोठ्याने सांगत. घेणारं जोडपं पुण्याचं. खरेदीखत पुढच्या वैशाखात झालं, पहिल्या पावसाआधी शाकारणी उरकली. श्रावणात काकू त्यांच्याकडे आल्या, माळ्यावरून एक जुना पाट उतरवून घेतला आणि पदराने पुसला. कोकणात मूर्ती घडते त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात, आणि तिथे प्रत्येक घराने आपला पाट आधी नेऊन द्यायचा असतो. मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येते. काकूंनी तो पाट नव्या सुनेसारख्या त्या मुलीच्या हातात दिला. म्हणाल्या, “शाळेत चालतच जा गो. वाटेत कोण विचारल्यान तर घराचा नाव सांग, तुझा नको.”