मजुरीचा रकाना

सकाळी 7:10

शिरूर तालुक्यातलं एक गाव. रस्त्याकडेला पत्र्याची शेड. आत वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, भिंतीला टेकवलेलं कुणाचंतरी जुनं फाटक. शेडचा मालक तिशी ओलांडलेला. गावात तो फॅब्रिकेशनवाला, हायस्कूलमध्ये निदेशक सर. आठवड्यातले तीन दिवस शाळा. मानधन महिन्याला सहा हजार. घर चालतं ते शेडवर.

आज बुधवार, नववीचा दिवस. काल घेतलेली एक इंची अँगलची वीस फुटी लांबी तो मधोमध कापतो. दहा-दहा फुटांचे दोन तुकडे सुतळीने बांधून खांद्यावर घेतो. रॉडचा पुडा रात्री चुलीशेजारी ठेवला होता. पावसाळ्यात रॉड ओल धरतात, मग ठिणगी नीट लागत नाही. पुडा पिशवीत टाकून तो चालत निघतो.

10:30

प्रार्थना संपते. नववीत चाळीस जण, दहा-दहांचे चार गट. एक गट वर्कशॉपला, एक ऊर्जा-पर्यावरणला, एक शेती-पशुपालनला, एक गृह-आरोग्यला. गट पुढे बदलत जातात, त्यामुळे मुलगे चिक्कीही करतात आणि मुली वेल्डिंगही. विषयाचं नाव मूलभूत तंत्रज्ञान ओळख. दहावीच्या बोर्डाची त्याला मान्यता आहे.

याची सुरुवात याच तालुक्यात, पाबळला झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नशास्त्रज्ञ. मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात होते. ती नोकरी सोडून 1983 मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करता करता शिकायचं आणि ते काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे, एवढा साधा हिशेब. 2003 मध्ये कलबाग गेले. आपल्या सरांनी दहावीनंतर तिथलाच एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम केला. वेल्डिंग तिथं शिकले. कॉस्टिंगही तिथंच.

10:50

आजची ऑर्डर: स्टँडवरच्या चहावाल्या अण्णांना वीस लिटरच्या पाण्याच्या जारसाठी लोखंडी घडवंची हवी आहे. चार पाय, दोन-दोन फुटांचे. वर-खाली फूटभराच्या दोन चौकटी. सर फळ्यावर चित्र काढतात आणि विचारतात, "किती फूट लागेल?"

"आठ आणि आठ, सोळा."

"लांबी वीसची आहे. मग?"

"चार उरतील."

"एकसंध उरतील का?"

शांतता. एक जण मागून म्हणतो, "दोन-दोनचे उरतील. दोन्ही तुकडे दहाचे आहेत."

खडूने खुणा होतात. गुण्या लावून रेघा. मग हेक्सॉ. एक मुलगा दोन्ही बाजूंनी जोर लावतो आणि पाचव्या झटक्यात ब्लेड मोडतं. सर ओरडत नाहीत. तुकडा त्याच्या हातावर ठेवतात. "दात कुठल्या तोंडाचे आहेत बघ. पुढे जाताना दाबायचं, मागे नुसतं आणायचं. ब्लेड पंधरा रुपयांचं. वहीत लिहून ठेव."

11:45

कापून झालं. चौकट फरशीवर मांडली. गुण्या एकच, कोपरे चार. सर टेप देतात. "कर्ण मोजा." एक कर्ण साडेसतरा इंच, दुसरा साडेसोळा. चौकट तिरकी आहे. हातोडीने एक कोपरा ठोकला, पुन्हा मोजलं. दोन्ही सतराला आले. पायथागोरस मुलांना गणिताच्या तासाला भेटलेला आहेच, इथं तो कामाला लागतो.

12:20

मशीन सुरू करायचं आणि लाईट जाते. कुणाला आश्चर्य वाटत नाही. कानशी बाहेर येतात. कापलेल्या कडांची धार घासून मारायची. दहा मुलं, तीन कानशी. बाकीचे रेडऑक्साइडचा डबा ढवळतात, नाहीतर खिडकीतून शेजारच्या गटाकडे बघतात.

शेजारी कडुनिंबाखाली शेळी बांधली आहे. एका मुलाच्या घरचीच. शेतीचा गट टेपने तिचा छातीचा घेर घेतो: 28 इंच. खांद्यापासून मागपर्यंत 26 इंच. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले तीनशे. उत्तर पौंडात येतं, जवळजवळ 68. म्हणजे एकतीस किलोच्या आतबाहेर. मॅडम विचारतात, "किलोला साडेतीनशे धरले तर?"

"दहा हजार आठशे पन्नास."

शेळीवाला मुलगा हळूच सांगतो, "व्यापारी साडेआठ म्हणाला होता. नुसतं उचलून बघितलं त्यानं." कागदाची घडी करून तो खिशात ठेवतो.

1:15

जेवणाची सुट्टी. पोषण आहार आठवीपर्यंतच, नववीवाले डबे आणतात. आज भाकरीबरोबर चिक्की आहे, गृह-आरोग्यच्या गटाची. गॅसची टाकी आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवली होती. दीडशे ग्रॅमचा फरक, साधारण नऊ रुपयांचा गॅस. शेंगदाणे आणि गूळ यांच्या खाली तोही लिहिला आहे. चिक्की थोडी कडक झाली आहे. विकायची की वाटायची यावर वाद चालू आहे, पण वाद संपेपर्यंत चिक्की संपते.

2:00

लाईट आली. सर मशीन ऐंशी अँपिअरवर लावतात, बारा नंबरचा रॉड पकडीत धरतात, अर्थची तार अँगलला जोडतात. नियम एकच, दहा वेळा सांगितलेला: काच डोळ्यांसमोर आल्याशिवाय ठिणगी काढायची नाही. नाहीतर रात्री डोळे चुरचुरतात, झोप लागत नाही. बघणाऱ्यांनी पाठ फिरवायची.

आधी टाके. सर दोन टाके मारून दाखवतात. मग दोन वेण्यांची एक मुलगी पुढे येते. हातमोजे तिच्या कोपरापर्यंत येतात. पहिल्यांदा रॉड चिकटतो. ती गोंधळून ओढते. "ओढू नको, बाजूला मोडल्यासारखं कर." सुटतो. दुसऱ्यांदा चिकटतो. तिसऱ्यांदा दीड इंच जोड पडतो. वरची खपली हातोडीने उडवली, तर खाली लेंड्या टाकल्यासारखे गोळे. पोरं हसतात. सर जोडाखाली पट्टी घालून जोर लावून बघतात. "दिसायला वाईट आहे. पण सुटत नाही. पुढचा मार."

ती आठ कोपऱ्यांपैकी तीन करते. शेवटच्या कोपऱ्याला हात थरथरत नाही.

3:25

घासून, पुसून, रेडऑक्साइडचा एक हात. रंग वाळेपर्यंत कॉस्टिंग. हा तास सर कधी सोडत नाहीत.

अँगल 5.4 किलो, 65 रुपयांनी 351. रॉड चौदा, सहा रुपयांनी 84. रंग 45. ब्लेड 15. वीज 25. बेरीज 520.

सगळे पेन खाली ठेवतात. सर वाट बघतात. शेवटी तेच म्हणतात, "एक रकाना रिकामा आहे."

मजुरीचा. दर वर्षी तो असाच रिकामा राहतो, असं सर मला सांगतात. घरी कांदा निघतो तेव्हा खत, बियाणं, औषध, गाडीभाडं लिहिलं जातं. आईचे पंधरा दिवस कुणी लिहीत नाही. मग मुलं तरी कशाला लिहितील?

या शाळेत खर्चाचा पाव हिस्सा मजुरी धरतात. 130 रुपये. एकूण 650.

चष्मेवाला मुलगा मनात काहीतरी करतो आणि बोलतो. "सर, आम्ही दहा जण. चार तास. चाळीस तासांचे 130. म्हणजे तासाला सव्वातीन रुपये. रोजगार हमीवर 312 देतात दिवसाला." आकडा बरोबर आहे, 2025-26 चा दर तोच होता.

"बरोबर. मी एकट्याने ही घडवंची किती वेळात करीन?"

"तीन तास?"

"तीन. मग तासाला?"

"त्रेचाळीस."

"पैसे तेवढेच. मधला फरक कशाचा?"

कुणी म्हणतं अनुभवाचा, कुणी म्हणतं दहा जण एकाच मशीनपुढे उभे होते त्याचा. सर दोन्ही मान्य करतात. वेण्यांची मुलगी विचारते, आयटीआयला वेल्डर किती वर्षांचा? "एक. फिटर दोन, इलेक्ट्रिशियन दोन." ती वहीच्या मागच्या पानावर तिन्ही लिहिते. कुठल्याच नावाखाली रेघ ओढत नाही.

5:10

घडवंची दोघांनी धरली आहे, तिसऱ्याकडे बिल. स्टँड जवळच आहे. अण्णा जार ठेवून हलवून बघतात. डुगडुगत नाही. मग बिल वाचतात.

"मुलांनी केलंय ना? मजुरी कसली मग?"

मुलं सरांकडे बघतात. सर चहाच्या पाटीवरचे दर वाचत उभे आहेत. शेवटी मुलगीच बोलते, "काका, सर म्हणाले मजुरी लिहायचीच."

अण्णा गल्ला उघडतात. सहाशे देतात. "पन्नास पुढच्या बुधवारी." सगळ्यांना अर्धा-अर्धा चहा मिळतो, फुकट. मुलगी रजिस्टरमध्ये लिहिते: जमा 600, येणे 50. चहा कुठल्या रकान्यात, असं ती विचारते. सर म्हणतात, चहा पिऊन टाक.

6:40

शेड. सकाळच्या फाटकाची बिजागरी बदलायची आहे. तासाभराचं काम. फाटक गल्लीतल्या म्हाताऱ्या मावशींचं. काम झाल्यावर त्या पदराची गाठ सोडू लागतात. "बिजागरीचे साठ द्या फक्त," सर म्हणतात.

मावशी गेल्यावर मी मजुरीचं विचारतो. सर ग्राइंडरची वायर गुंडाळत सांगतात, "शाळेत मी शिकवायला जातो. इथं मला राहायचंय."

8:00

हार्डवेअरचं दुकान बंद होत आलं आहे. उद्या आठवी, बेचाळीस मुलं, हेक्सॉ पहिल्यांदाच हातात घेणार. सर एक डझन ब्लेड मागतात. अजून सहा टाका, म्हणतात. दुकानदार उधारीची वही उघडतो.

"शाळेच्या नावावर लिहू की तुझ्या?"

"शाळेचं बिल निघेपर्यंत दिवाळी होईल. माझ्या लिहा."