पासष्ट इंच, निम्मी किंमत: सीमाभागातले टीव्ही खरेदीचे गैरसमज

दसरा-दिवाळीच्या तोंडावर बेळगाव-निपाणीत कुणी मोठा टीव्ही घ्यायचे मनात आणले की पहिला सल्ला ठरलेला असतो: "कागल ओलांड आणि कोल्हापुरात घे, महाराष्ट्रात टॅक्स कमी आहे."

हा सल्ला फार जुन्या काळातला नाही, पण कालबाह्य नक्की झाला आहे. १ जुलै २०१७ पूर्वी प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा होता आणि सीमेच्या दोन बाजूंना एकाच वस्तूचे दोन भाव असू शकत. जीएसटी आल्यापासून टीव्हीवरचा कर बेळगावात, कोल्हापुरात आणि पणजीत एकच आहे. बिलावर निम्मा कर केंद्राचा आणि निम्मा त्या त्या राज्याचा दिसतो, एवढाच काय तो फरक. पेट्रोल अजून जीएसटीबाहेर आहे. त्याचे दर सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे वेगळे असतात आणि तोच हिशेब लोक टीव्हीलाही लावतात. कोल्हापुरात एखादा सेट स्वस्त मिळूही शकतो, पण तो कराने नव्हे, तिथल्या दुकानांच्या चढाओढीने. तो भाव फोनवर विचारून घ्या आणि बेळगावच्या दुकानदाराला सांगा. बऱ्याचदा तो जुळवून देतो.

शिवाय निपाणी ते कोल्हापूर हे चाळीसेक किलोमीटर टीव्हीला उभ्याने काढावे लागतात. ६५ इंची सेट गाडीत आडवा ठेवला तर रस्त्याच्या हादऱ्यांनी पॅनेलला तडा जाण्याची भीती असते आणि तडकलेला पॅनेल वॉरंटीत बसत नाही. वाचवलेले दोन हजार असे एका गचक्यात जाऊ शकतात. दुकानदार घरपोच देणार असेल तर खोका घरी उघडून, सेट सुरू करून मगच पोच लिहून द्यावी.

कराबद्दलच आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. "म्हणजे टीव्ही दहा टक्के स्वस्त" असे सर्रास बोलले जाते. प्रत्यक्षात कर मूळ किमतीवर लागतो, त्यामुळे शेवटची किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते. पूर्वी ५० हजारांना मिळणारा सेट साधारण ४६,१०० रुपयांवर यायला हवा. ही उतरलेली रक्कम ग्राहकाच्या हक्काची आहे, दुकानाने दिलेली सवलत नव्हे. "जीएसटी कमी केला" आणि "दिवाळी ऑफर" हे एकाच रकमेला दिलेले दोन मुलामे आहेत का, ते बिलावर करापूर्वीची किंमत बघून तपासावे.

तसेच एमआरपीचे. ही कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा आहे, तिच्यावर विकायचे नाही एवढाच तिचा अर्थ. आकडा कंपनी स्वतः छापते. म्हणून "एमआरपीवर ५५ टक्के सूट" या पाटीवरून वस्तू स्वस्त आहे की नाही काहीच कळत नाही. कळते ते दोन गोष्टींवरून: तोच मॉडेल नंबर तीन-चार ठिकाणी आज किती रुपयांना विकला जातो आणि खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष काय छापला आहे. दोन वर्षांपूर्वीचा सेट घेऊ नये असे मी म्हणणार नाही. उलट गेल्या वर्षीचे चांगले मॉडेल या वर्षीच्या सुमार मॉडेलपेक्षा केव्हाही उजवे. फक्त ते जुने आहे हे दुकानदाराने सांगावे आणि किमतीत दिसावे.

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे येऊ: स्क्रीन मोठी आणि ४के असली की चित्र चांगले दिसते.

४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. आपल्या भागातल्या बहुतेक घरांत संध्याकाळी काय चालू असते? केबलवरची किंवा फ्री डिशवरची साधी, एसडी वाहिनी. तिच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम चार लाख ठिपके. वीस ठिपक्यांपैकी एक बाहेरून येतो आणि उरलेले एकोणीस टीव्हीतला प्रोसेसर आजूबाजूचे रंग पाहून अंदाजाने भरतो. सवलतीतल्या स्वस्त मोठ्या सेटमध्ये कंपनीने काटकसर केलेली असते ती नेमकी या प्रोसेसरमध्ये. मग ३२ इंची जुन्या टीव्हीवर बरी दिसणारी मालिका ६५ इंचांवर पुसट, चेहरे मेणासारखे गुळगुळीत आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसू लागतात. बिघाड सेटमध्ये नसतो, खरेदीच्या हिशेबात असतो. दुकानात चालू असलेला समुद्राचा किंवा फुलांचा व्हिडिओ कंपनीने खास तयार केलेला, अस्सल ४के असतो. त्यावरून निकाल देऊ नये. दुकानदाराला आपल्या घरी येते तीच वाहिनी लावायला सांगावी. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या आहेत. मोठा सेट घेणाऱ्याने त्या पॅकमध्ये घेण्याचा मासिक खर्चही किमतीत धरावा. घरात चांगले ब्रॉडबँड असेल आणि चित्रपट-क्रिकेट ओटीटीवरच पाहिले जात असेल तर मात्र मोठ्या ४के पडद्याचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात.

आकाराचा आकडा हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो. त्यामुळे ५५ वरून ६५ वर गेल्यावर दहाच इंच वाढल्यासारखे वाटते, पण क्षेत्रफळ चाळीस टक्के वाढते. ६५ इंची सेट सुमारे १४४ सेंटिमीटर रुंद असतो. बेळगावच्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांचे अरुंद जिने आणि वळणे पाहता खोका वर चढेल का, हे आधी मोजावे. भिंतीचेही तसेच. चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीत साधा प्लग नीट धरत नाही आणि मोठ्या सेटचे वजन वीस किलोच्या आसपास असते. अशा घरात स्टँडवर ठेवणेच बरे.

"क्यूएलईडी म्हणजे ओएलईडीचा भाऊ" हेही खरे नाही. एलईडी आणि क्यूएलईडी दोन्ही मुळात एलसीडीच, मागून दिवा लावलेले. क्यूएलईडीत रंग सुधारणारा एक थर जास्त असतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. आणि खोक्यावर एचडीआर लिहिले म्हणून एचडीआर दिसतेच असे नाही. त्याला भरपूर उजेड देणारा पॅनेल लागतो आणि स्वस्त सेटांत तोच मंद असतो.

"आपल्याला विजेचे बिल कुठे येते?" हे वाक्य २०२३ नंतर कर्नाटकात वारंवार ऐकू येते. गृहज्योती योजनेत घराला सरसकट २०० युनिट फुकट मिळतात, हा समज चुकीचा आहे. योजना सुरू झाली तेव्हाच्या नियमाने २०२२-२३ मधली तुमची मासिक सरासरी अधिक दहा टक्के, एवढीच तुमची मोफत मर्यादा. २०० हा तिचा कळस. सरासरी ७० युनिट असेल तर त्या नियमाने ७७ पर्यंत शून्य बिल, त्यापुढच्या युनिटांचे पैसे. जुना ३२ इंची सेट ४५ वॅटच्या आसपास घेतो, ६५ इंची १४० च्या आसपास. रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला १४ युनिटांची भर पडते. ७० चे ८४ झाले तर सात युनिटांचे पैसे भरावे लागतात. ही रक्कम किरकोळ आहे. पण ज्याचा वापर १९० च्या घरात आहे, त्याचे २०४ होतात आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचे पूर्ण बिल हजारावर जाऊन पडते. टीव्हीवरच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते बाराने भागून हेस्कॉमच्या वीजबिलाशेजारी ठेवून बघा.

स्टॅबिलायझरबद्दल थोडक्यात. बहुतेक नव्या सेटांचा वीजपुरवठा कमी-जास्त दाब सहन करतो, सेटच्या मागे किंवा माहितीपत्रकात "१००–२४०" असा आकडा असेल तर स्टॅबिलायझरची सक्ती नाही. आणि वळवाच्या विजांपासून स्टॅबिलायझर वाचवेल ही आशा चुकीची. एप्रिल-मेमध्ये कडकडाट सुरू झाला की प्लग आणि छत्रीची वायर, दोन्ही काढावीत. वायर तशीच राहिली तर नुसता प्लग काढून उपयोग नाही.

"नो-कॉस्ट ईएमआय" फुकट नसतो. व्याज आकारले जाते, तेवढी सूट आधी किमतीत दाखवली जाते, क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यात त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक घेते आणि वर प्रोसेसिंग शुल्क. रोख घेतल्यास किती, हे विचारल्याशिवाय हप्ता ठरवू नये.

शेवटचा गैरसमज पुन्हा सीमेशी जोडलेला आहे: महाराष्ट्रात घेतलेल्या सेटची तक्रार महाराष्ट्रातच करावी लागते. मोठ्या कंपन्यांची वॉरंटी देशभर चालते. अडचण असते ती माणूस यायला किती दिवस लागतात याची, म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की माणूस हुबळीहून येणार, हे खरेदीआधीच विचारावे. अनोळखी ब्रँडच्या ६५ इंची सेटवर पंधरा हजार वाचवण्यापेक्षा ज्याचा मेकॅनिक जवळ आहे असा ५५ इंची घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. आणि वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. निपाणीच्या माणसाने कोल्हापुरात टीव्ही घेतला असला तरी तक्रार बेळगाव जिल्ह्यात चालते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलता येते. हाताशी पक्के बिल हवे, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलेले.