साक्षीदार दोघेच

लढाऊ वैमानिकाला शौर्यपदक मिळाले म्हटले, की आपण आधी त्याने पाडलेल्या विमानांचा आकडा विचारतो. लान्स सिजानच्या बाबतीत असा आकडा नाही. अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मेडल ऑफ ऑनर, त्याला मिळाला तो विमान कोसळल्यानंतरच्या अडीच महिन्यांसाठी.

मिल्वॉकी शहरात १३ एप्रिल १९४२ रोजी जन्मलेला सिजान १९६५ साली हवाई दलाच्या अकादमीतून पदवी घेऊन बाहेर पडला आणि पुढे व्हिएतनाममधल्या दा नांग तळावर रुजू झाला. ९ नोव्हेंबर १९६७च्या रात्री तो एफ-४ फँटमच्या मागच्या आसनावर होता. पुढे लेफ्टनंट कर्नल जॉन आर्मस्ट्राँग. हो ची मिन्ह मार्गावरचे ट्रक लाओसमध्ये बान लबॉयपाशी नदी ओलांडत, तो उतार उडवायचा होता. पण बॉम्ब सुटताक्षणी, फ्यूजमधल्या दोषामुळे, विमानाखालीच फुटले. आपल्याच दारूगोळ्याने घात केला. आर्मस्ट्राँग परतले नाहीत.

पॅराशूटने उतरलेल्या सिजानची कवटी फुटली होती, उजवा हात चेचला होता, डाव्या पायाचे हाड मोडले होते. रेडिओवर त्याचा आवाज ऐकून बचावपथके धावली. विमानभेदी तोफांचा मारा चालू असताना हेलिकॉप्टर डोक्यावर येऊन थांबले. जवान खाली उतरवतो म्हणाले, तर यानेच नको म्हटले. दुसऱ्याचा जीव कशाला घालवायचा, दोरापर्यंत मीच सरपटत येतो. पोहोचणे जमले नाही. दुसऱ्या दिवशी रेडिओ मुका होता.

पुढे अन्नाशिवाय, पाठीवर घसटत, तो जंगलातून सरकत राहिला. ४६ दिवसांनी, ऐन नाताळात, रस्त्यालगत पडलेला हा हाडांचा सापळा व्हिएतनामी सैनिकांच्या हाती लागला. त्या अवस्थेतही त्याने पहारेकऱ्याला लोळवून पळ काढला! काही तासांतच पुन्हा पकडला गेला.

विन्हच्या तुरुंगात रॉबर्ट क्रेनर आणि गाय ग्रुटर्स हे दोन अमेरिकी वैमानिक कैदेत होते. ग्रुटर्स त्याला अकादमीपासून ओळखत होता, तरी समोर आल्यावर आधी ओळखू शकला नाही. चौकशीत सिजानचा जखमी हात पिरगाळला जाई. नियमाने सांगायचे त्यापलीकडे तो काही सांगत नसे, हे त्या दोघांनी ऐकले. शुद्धीवर आला, की तो पळायचे कसे, एवढेच विचारी. हनोईला नेताना इंधनाच्या पिंपांनी भरलेल्या ट्रकात दोघांनी त्याला आळीपाळीने सावरून धरले. हनोईचा होआ लो तुरुंग थंड आणि दमट. तिथे न्यूमोनियाने गाठले आणि २२ जानेवारी १९६८ रोजी तो गेला. वय २५.

क्रेनर आणि ग्रुटर्स १९७३मध्ये सुटले म्हणून हे सारे जगाला कळले. त्या ४६ दिवसांबद्दलही आपल्याला माहीत आहे ते एवढेच, जे ग्लानीतून जागा होताना सिजानने त्यांना सांगितले. ते दोघेही तिथेच संपले असते, तर त्याची नोंद ‘बेपत्ता’ एवढीच राहिली असती, असे मला वाटते. पार्थिव १९७४ साली मायदेशी आले. ४ मार्च १९७६ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पदक त्याच्या आईवडिलांकडे सुपूर्द केले. अकादमीच्या पदवीधराला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. गंमत म्हणजे गौरवपत्रात विमान उत्तर व्हिएतनामवर होते असे लिहिले आहे. लाओसचे नाव त्यात नाही.