पहिल्या पावसाचा मासा: भाला कधी उचलायचा, कधी ठेवायचा

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललोय तसंच ठेवलंय. ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाही त्यांच्यासाठी.)

मृग लागला की आपल्या भागातल्या मोबाईलवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरायला लागतात. रात्रीची वेळ, कपाळाला टॉर्च, हातात भाला नाहीतर कोयता, गुडघाभर पाण्याचा नाला आणि शेवटी हातभर मरळ वर उचलून काढलेला फोटो. मग कमेंटमध्ये कोणीतरी विचारतं, "भाऊ, याचा क्लब काढू का? बाहेर देशात असतात ना स्पिअरफिशिंगचे क्लब?"

प्रश्न चांगला आहे, म्हणून आजचा भाग त्यावरच. तीन गोष्टी बोलू. बाहेरचे भालावाले क्लब नेमकं काय करतात? आपल्याकडे त्याच्या जवळचं काय आहे? आणि पहिल्या पावसात नाल्यात चढणारा मासा मारला तर बिल कोणाच्या नावाने फाटतं?

भालावाल्यांचा एक खरा क्लब

स्पिअरफिशिंग म्हटलं की डोळ्यासमोर निळा समुद्र येतो. श्वास रोखून बुडी मारायची आणि एकच मासा निवडून टिपायचा. पण मी उदाहरण घेणार आहे गोड्या पाण्याचं, कारण आपण नाकाडोंगरीवाले. आपल्याकडे बावनथडी आहे, वैनगंगा आहे, तलाव आहेत, बोड्या आहेत. समुद्र नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात विनेबागो नावाचा मोठा तलाव आहे. हिवाळ्यात तो गोठतो. लोक बर्फाला भलं मोठं चौकोनी भोक पाडतात, वर छपरी उभी करतात आणि आत अंधारात तासन् तास खाली बघत बसतात. स्टर्जन नावाचा अवाढव्य मासा खालून गेला की भाला सोडायचा. अनेकांना अख्ख्या हंगामात एकही मासा दिसत नाही, तरी पुढच्या वर्षी ते पुन्हा हजर.

आता नियम बघा. हंगाम फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि जास्तीत जास्त १६ दिवस चालतो. परवाना आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर काढावा लागतो. ३६ इंचांपेक्षा लहान मासा मारायचा नाही. मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी सरकारी नोंदणी केंद्रावर दाखवायचा. मोठ्या माद्या, कोवळ्या माद्या आणि नर यांचे वेगवेगळे आकडे आधीच ठरलेले असतात. आकडा भरला की १६ दिवस झाले नसले तरी हंगाम बंद!

एवढं कडक कशाला? कारण स्टर्जनची मादी साधारण वीस वर्षांच्या पुढे गेल्यावर पहिल्यांदा अंडी देते, आणि नंतरही दरवर्षी नाही, तीन ते पाच वर्षांतून एकदा. म्हणजे आज एक मोठी मादी गेली तर तिची जागा भरायला एक पिढी लागते.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. तिथे भालावाल्यांनीच १९७७ मध्ये 'स्टर्जन फॉर टुमारो' नावाची संघटना काढली. फेब्रुवारीत भाला, आणि एप्रिल-मे महिन्यात मासा नदीच्या काठाशी अंडी घालायला येतो तेव्हा स्वयंसेवक रात्रंदिवस काठावर पहारा देतात. चोरून कोणी मासा नेऊ नये म्हणून! क्लब म्हणजे हे. नुसता भाला विकत घेतला की क्लब होत नाही.

आपल्याकडचा क्लब: सोसायटी

आपल्याकडे असं काही नाही का? आहे ना. फक्त त्याला आपण क्लब म्हणत नाही, सोसायटी म्हणतो. मच्छीमार सहकारी संस्था. सभासद बहुतेक ढिवर, केवट समाजातले. संस्था रजिस्टर झालेली असते, निवडणूक होते, ऑडिट होतं. तलावाचा मासेमारीचा ठेका संस्थेच्या नावावर असतो, साधारण पाच वर्षांचा, आणि त्याचे पैसे भरावे लागतात.

तलाव कोणाचे, हेही समजून घ्या. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात मुख्यतः कोहळी समाजाने धानाच्या पाण्यासाठी ते बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून कागदावर त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव', आणि बोलताना 'मामा तलाव'.

एकाच तलावात दोन हक्क असतात. पाणी धानाच्या बांधीसाठी, म्हणजे शेतकऱ्याचं. मासा सोसायटीचा. परतीचा पाऊस दगा देतो तेव्हा शेतकऱ्याला पाणी सोडायचं असतं आणि ढिवराला अडवायचं असतं. हे भांडण जुनं आहे आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

सोसायटीचं वर्ष कसं चालतं

जुलै-ऑगस्ट: तलाव भरतो, मत्स्यबीज आणायची गडबड. कटला, रोहू, मृगळ हे आपले तीन मुख्य मासे. गंमत अशी की हे मासे साचलेल्या तलावात वाढतात, पण तिथे अंडी देत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाला पियुष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात प्रजनन करून दाखवलं. आज सगळ्या देशातलं मत्स्यबीज केंद्रांचं काम त्या शोधावर उभं आहे, आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस म्हणून पाळतात.

बीज तीन आकारात मिळतं. अगदी बारीक ते जिरे, मग मत्स्यबीज, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. जिरे स्वस्त, पण मरतात खूप. बोटुकली महाग, पण जगते. हातात पैसा किती, यावर सोसायटी काय घेते ते ठरतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर: धानाला पाणी सुटतं. पाण्याबरोबर मासा बाहेर जाऊ नये म्हणून जाळी लावायची, राखण करायची. हिवाळ्यात मासा कमी खातो, हळू वाढतो, थोडीफार मासेमारी चालते. खरा हंगाम होळीनंतर. पाणी उतरतं, मासा एका जागी येतो, जाळं टाकलं जातं. मार्च ते मे या तीन महिन्यांत वर्षाचा हिशोब लागतो. ठेक्याची रक्कम, बीजाची उधारी, सभासदांचा वाटा, सगळं यातूनच. आणि मग येतो मृग.

पहिल्या पावसात मासा वर का चढतो?

कोकणात, घाटावर याला वलगण म्हणतात, चढणीचे मासे. पहिला जोराचा पाऊस पडला की पाणी गढूळ होतं, थंड होतं, नाले वाहायला लागतात. माशाच्या शरीराला तो निरोप असतो. पोटात अंडी तयार असतात. तो प्रवाहाच्या उलट दिशेने, उथळ पाण्याकडे निघतो: नाल्यात, पाटात, भरलेल्या बांधीत. कारण उथळ पाणी कोमट असतं, तिथे पिल्लांना खायला बारीक जीव भरपूर असतात आणि मोठे शिकारी मासे कमी. धानाची बांधी ही आपल्या भाताची तशीच माशांच्या पोरांचीही नर्सरी आहे.

म्हणून त्या रात्री मासा मारणं इतकं सोपं असतं. तो पळत नाही, त्याला वर जायचं असतं. पाणी गुडघाभर, वाट एकच. विनेबागोवाला सहा-सहा तास बसून रिकाम्या हाताने घरी जातो आणि आपला भाऊ अर्ध्या तासात थैली भरतो. यात नेम कसला आलाय?

आता मरळीचं बघा, कारण व्हिडिओत सगळ्यात जास्त तीच असते. मरळ हवेतलाही श्वास घेते, म्हणून तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावं लागतं. भाल्यासाठी ती सोपी, हे पहिलं कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मरळ पिल्लांची राखण करते. पावसाळ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा गोल थवा दिसला तर समजायचं, आई-बाप खालीच आहेत. ती जागा सोडत नाहीत, आणि म्हणूनच मारली जातात. आई-बाप गेले की थव्यावर बाकीचे मासे, बेडूक, बगळे तुटून पडतात. एका भाल्यात एक मासा गेला असं वाटतं, प्रत्यक्षात अख्खा थवा जातो.

रोहूचंही तसंच. एक किलोच्या मादीच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. सगळी जगत नाहीत हे खरं, पण ती नदीत पोचलीच नाही तर हिशोब शून्यापासूनच सुरू.

आमच्या धंद्यात एक पद्धत असते. मोठं रिलीज तोंडावर आलं की कोड फ्रीझ. त्या काळात कोणी कितीही हुशार असो, कोडला हात लावायचा नाही. समुद्रात महाराष्ट्र सरकार हेच करतं: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. नाल्यावर मात्र बोर्ड लावायला, पहारा द्यायला कोणी नसतं. तिथला फ्रीझ गावानेच पाळायचा असतो.

पण सगळा दोष भाल्याचा नाही

हेही सरळ बोललं पाहिजे. तलावातले देशी मासे कमी झाले त्याची कारणं बरीच आहेत. धरणांमुळे नदीतला वर-खाली जायचा रस्ता तुटला. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द आहे, आपल्या अंगाला बावनथडीवर राजीव सागर आहे. बांधीत कीटकनाशक आलं. तलावाच्या काठाने बेशरम माजली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं आणि भंडाऱ्याजवळ जलपर्णीचा गालिचा पसरतो.

यावर आपल्याच पट्ट्यात चांगलं काम झालंय. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाच्या जुन्या माहितीवर भर दिला. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, काय खातो, कुठे लपतो, हे म्हाताऱ्या मच्छीमारांना तोंडपाठ होतं. अर्जुनी मोरगावच्या भागात सोसायट्यांनी उन्हाळ्यात तलावातली बेशरम उपटली, तळ नांगरला आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावल्या. यात बायकांचे गट पुढे होते. वनस्पती आल्या तसे देशी मासे आणि पक्षी परत यायला लागले.

म्हणजे गाळ काढला, पाणी वाढलं, एवढ्याने तलाव जिवंत होत नाही. तळ सरसकट खरवडला तर झाडोराही जातो आणि अंडी घालायची जागाही.

मग क्लब काढायचा का?

माझं मत: काढा, पण विनेबागोसारखा.

एक. मृगापासून श्रावण संपेपर्यंत नाल्यात, पाटात भाला-कोयता बंद. पिल्लांचा थवा दिसला तर ती जागा वर्षभर सोडायची. ज्यांच्या घरी मासा ही हौस नसून जेवण आहे त्यांनी काय करायचं, हे सोसायटीत बसून ठरवा. नियम मोबाईलवाल्यांनी करायचा आणि उपाशी ढिवराने पाळायचा, असं होऊ नये.

दोन. उन्हाळ्यात भाला चालवायचाच असेल तर सोसायटीला विचारून, पैसे भरून. तलावातला मासा फुकटचा नाही. त्याचं बीज कोणीतरी उधारीवर आणलेलं असतं, रात्री जागून राखलेलं असतं.

तीन. करंट आणि विष यांना अजिबात माफी नाही. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. आणि ओल्या अंगाने, पाण्यात उभं राहून तार टाकणारा स्वतःच मरतो, हे आपल्याकडे कोणाला वेगळं सांगायला नको.

चार. मोबाईल वापरा, पण नोंदीसाठी. मासा पट्टीशेजारी ठेवून फोटो, तारीख, कोणता तलाव, आणि घरातल्या म्हाताऱ्याला विचारून त्याचं झाडीबोलीतलं नाव. कटला-रोहू सगळ्यांना माहीत आहेत. बारीक देशी माशांची नावं मात्र माणसांबरोबर चाललीत. दोन पावसाळे नोंद ठेवली तर सोसायटीच्या हातात असा कागद येईल जो ऑफिसातही दाखवता येईल.

विनेबागोवाल्यांना भाल्याची हौस आपल्यापेक्षा जास्तच आहे. त्यांनी ती वर्षातल्या सोळा दिवसांत बसवली, आणि काठावर पहारा दिला तो मासा अंडी घालत असताना. आपल्याकडे पहाऱ्याला बर्फ नाही, चिखल आहे, डास आहेत. टॉर्च तर आधीच आहे.

पुढच्या भागात शिंगाड्यावर बोलू: लावतो कोण, तोडतो कोण, आणि पैसा कोणाकडे जातो. तुमच्या गावात पावसात चढणाऱ्या माशांना काय म्हणतात ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. नाव सांगताना गावाचं नावही सांगा. भेटू!